गवा दिसतो, ट्रॉली दिसत नाही : गाडीला थर्मल कॅमेरा आणि एचयूडी बसवताना

आजऱ्यावरनं आंबोली उतरून सावंतवाडीला माझं महिन्यातनं दोनदा तरी जाणं होतं, आणि कितीही ठरवलं तरी निघता निघता रात्र होतेच. या रस्त्याला रात्री मला दोन गोष्टींची भीती वाटते, एक गवा आणि दुसरी उसाची ट्रॉली. गवा म्हणजे हजार किलोपर्यंत जाणारं काळं धूड, कडेला उभा असला तर लाइटमध्ये त्याचं अंग दिसतच नाही, फक्त पांढरे मोजे घातल्यासारखे चार पाय दिसतात आणि ते मैलाचे दगड असावेत असं वाटून आपण पुढं जातो. ट्रॉलीचं तर काय सांगायचं, सीझनला डबल ट्रॉली, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूला दोन-दोन फूट बाहेर आलेला. तर या दोन्हीवर उपाय म्हणून गाडीला नाईट व्हिजन बसवायचं खूळ डोक्यात शिरलं. आता बसवून वापरून झालंय, चुकाही भरपूर करून झाल्यात, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. ज्याला स्वतः बसवायचंय त्याला उपयोग होईल, आणि ज्याला दुकानातून बसवून घ्यायचंय त्याला निदान समोरचा काय थापा मारतोय ते कळेल.

हा प्रकार नवीन अजिबात नाही. कॅडिलॅकनं २००० सालच्या डेव्हिल मॉडेलमध्ये थर्मल, म्हणजे उष्णता बघणारा, कॅमेरा दिला होता आणि त्याचं चित्र थेट पुढच्या काचेवर खालच्या बाजूला पाडलं होतं, म्हणजे कॅमेरा आणि काचेवरचा डिस्प्ले हे दोन्ही पहिल्यापासून जोडीनंच आले. पुढं बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी सगळ्यांनी आपापल्या मोठ्या गाड्यांत दिलं, पण चित्र बहुतेकांनी काचेवरनं काढून मीटरच्या नाहीतर मधल्या स्क्रीनवर आणलं. त्याचं कारण मला स्वतः बसवल्यावर कळलं, ते पुढं सांगतो. आपल्या बजेटच्या गाड्यांत एचयूडी, म्हणजे नजरेसमोर वेग वगैरे दाखवणारा हेड-अप डिस्प्ले, आता मिळतो, २०२२ च्या बलेनोत ती छोटी काच वर उठते ना, तोच तो. पण नाईट व्हिजन नाही मिळत, ते बाहेरूनच लावायला लागतं.

कॅमेऱ्याआधी लाइट बघा

हे वाचायचा कंटाळा येईल पण वाचाच. माझ्या गाडीचे हेडलाइट पिवळे पडले होते आणि मी कॅमेऱ्याच्या किमती बघत बसलो होतो. हेडलाइटची काच म्हणजे पॉलिकार्बोनेट असतं, उन्हानं त्यावर पिवळी साय येते, ती ओल्या पॉलिश पेपरनं घासून पॉलिश करून वरनं यूव्हीचा कोट मारला की अर्धा प्रश्न तिथंच मिटतो. मग एका सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा, डिपर लावा, उजेडाची वरची कडा दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. माझा डावा लाइट चक्क बंपरच्या पुढं चार गाडीच्या अंतरावरच जमिनीत घुसत होता. आणि काच आतून पुसा, आतून! डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकची वाफ उन्हानं काचेवर बसते आणि तिचा तेलकट थर होतो, समोरून लाइट आला की सगळी काच दुधाळ होते ती त्यामुळंच. एवढं करूनही भागलं नाही तरच पुढचा खर्च करा.

भागत का नाही त्याचा हिशोब सोपा आहे. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. दिसलं, डोक्यात शिरलं, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद म्हणजे ३३ मीटर गेले, पुढं कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला अजून ३५ मीटर. झाले ६८. ओल्या रस्त्यावर हेच ९५ च्या आसपास जातं. आणि डिपरच्या उजेडात काळं जनावर दिसतं ते ५०-६० मीटरवर, तेही नशीब चांगलं असलं तर. म्हणजे कॅमेऱ्यानं १०० मीटरवरचं जनावर दाखवलं पाहिजे, त्यापेक्षा कमी दाखवणारा घेऊन उपयोग नाही. हा १०० चा आकडा लक्षात ठेवा, लेन्स निवडताना लागेल.

नाईट व्हिजन नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू विकतात

पहिली म्हणजे साधा कॅमेरा पण कमी उजेडात चांगला दिसणारा, सोनीचा स्टारव्हिस सेन्सर असलेले डॅशकॅम येतात त्यातला प्रकार. आहे त्या उजेडात चित्र उजळ करून दाखवतो. पुरावा म्हणून उत्तम, पण समोरून अप्पर मारत ट्रक आला की त्याचेही डोळे आपल्यासारखेच दिपतात.

दुसरी म्हणजे इन्फ्रारेड दिवे आणि ते दिवे बघू शकणारा कॅमेरा. सीसीटीव्हीला रात्री लाल ठिपके दिसतात बघा, तेच तंत्र. यात ८५० नॅनोमीटरचे एलईडी जास्त लांब पोचतात पण अंधारात हलके लालसर दिसतात, आणि गाडीच्या तोंडाला लाल दिवा दिसणं नियमात बसत नाही. ९४० चे दिवे डोळ्याला दिसत नाहीत पण कॅमेऱ्यालाही ते कमीच दिसतात, त्यामुळं पल्ला घटतो. आणि आंबोलीत धुकं पडलं की हा प्रकार पूर्ण कामातनं गेला, कारण अप्पर लावल्यावर जशी पांढरी भिंत समोर उभी राहते तशीच भिंत याच्या स्क्रीनवर येते.

तिसरी म्हणजे थर्मल. हिला उजेडच लागत नाही, वस्तूतून बाहेर पडणारी उष्णता ती बघते, ८ ते १४ मायक्रॉनच्या लहरी. गवा, माणूस, कुत्रं, नुकतीच बंद केलेली मोटरसायकल, सगळं काळ्या चित्रात पांढरं चमकतं. समोरच्या गाडीच्या अप्परनं तिला काही फरक पडत नाही. किंमत मात्र दुसऱ्या प्रकाराच्या कितीतरी पट. मी शेवटी हीच घेतली, आणि माझं मत स्पष्ट आहे की जनावरांच्या रस्त्याला पैसे घालायचे तर थर्मललाच घाला, नाहीतर राहू द्या, लाइट नीट करा आणि हळू चालवा.

आता गंमत ऐका. पहिल्यांदा एका दुकानात दाखवायला नेलं तर तिथल्या मेकॅनिकनं थर्मल कॅमेरा आरशाच्या मागं, काचेच्या आतनं चिकटवून दिला. वायर छान लपवली, फिनिशिंग एक नंबर, आणि स्क्रीनवर काय दिसत होतं तर मीच! रस्ता नाही, झाड नाही, माझ्या तोंडाचा पांढरा गोळा आणि स्टेअरिंगवरचे हात. तो म्हणे सेटिंग करायला लागेल. सेटिंग कसलं डोंबलाचं. काच या लहरींना आरपार जाऊच देत नाही, थर्मलसाठी काच म्हणजे भिंत आणि वरनं आरसा. म्हणून तर थर्मलची लेन्स काचेची नसते, जर्मेनियमची असते, आणि म्हणून हा कॅमेरा गाडीच्या बाहेरच लागतो. दुसरा रस्ता नाही.

यावरनंच दुकानात करायची एक चाचणी मिळते. कोणी थर्मल म्हणून विकत असेल तर कॅमेऱ्यासमोर साधी काच धरायला सांगा, ग्लासचा तुकडा, मोबाइलचा काचेचा स्क्रीनगार्ड, काहीही. काचेपलीकडचा माणूस तरीही दिसला तर तो थर्मल नाही, इन्फ्रारेड दिवेवाला आहे आणि तुम्हाला गंडवतायत. मग पातळ प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळून धरा, खऱ्या थर्मलमध्ये पिशवीतनं हात स्वच्छ दिसेल. अजून एक, भिंतीवर पाच सेकंद तळवा टेकवून काढा, पंजाचा ठसा भिंतीवर दिसत राहिला पाहिजे. आणि इन्फ्रारेडवाला कॅमेरा तपासायचा असेल तर टीव्हीचा रिमोट त्याच्यासमोर दाबा, टोकाचा दिवा चमकताना दिसेल.

लेन्सचा हिशोब, इथं सगळे फसतात

जाहिरातीत रिझोल्यूशन मोठ्या अक्षरात असतं, लेन्सचा कोन कुठंतरी खाली कोपऱ्यात. आपल्या आवाक्यात येणारे कॅमेरे बहुतेक २५६ बाय १९२ पिक्सेलचे असतात. ऐकायला कमी वाटतं पण चालतं, कोन बरोबर असला तर. समजा कोन ५६ अंशाचा आहे, तर एका अंशाला साडेचार पिक्सेल आले. शंभर मीटरवरचा उभा माणूस उंचीला जेमतेम एक अंश भरतो, म्हणजे तो झाला चार-पाच पिक्सेल उंच आणि एक पिक्सेल रुंद. तो माणूस म्हणून कळणारच नाही, धुळीचा कण वाटेल. तेच २५ अंशाची लेन्स घेतली तर अंशाला दहा पिक्सेल, माणूस दहा पिक्सेल उंच आणि तीन रुंद, चालताना पाय हललेले कळतात. म्हणून २५-३० अंशाच्या आसपासचीच घ्या. वळणावर कडेचं कमी दिसतं हे खरं, घाटातल्या वळणात तर कॅमेरा सरळ दरीकडं बघत बसतो, पण तिथं आपला वेगही तीसच असतो. जास्त पैसे असतील तर ३८४ किंवा ६४० पिक्सेलवाला घ्या, मग कोन थोडा रुंद चालेल.

दुसरं बघायचं ते फ्रेमरेट. बरेच थर्मल कॅमेरे ९ हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला नऊ चित्रं देणारे असतात, अमेरिकेच्या निर्यात नियमांमुळं तो आकडा आलाय, त्याच्या आत असला की बाहेरच्या देशात विकायला कटकट कमी. पण ९ हर्ट्झ म्हणजे एका चित्रातनं दुसरं येईपर्यंत ८० च्या वेगाला गाडी अडीच मीटर पुढं गेलेली असते आणि चित्र झटके देत चालतं, दहा मिनिटात डोळे दुखतात. २५ हर्ट्झवालाच घ्या. आणि आउटपुट कसला आहे ते विचारा. तुमच्या अँड्रॉइड स्टीरिओला एएचडी (वायरीवरनं येणारा एचडी सिग्नल) किंवा साधा पिवळ्या पिनचा कॅमेरा लागतो, मोबाइलला लागणारा यूएसबीचा थर्मल आणून स्टीरिओला अ‍ॅपमधनं चालवायला गेलात तर चित्र मागं पडतं, दोन दशांश सेकंद मागं पडलं तरी साडेचार मीटरचा फरक झाला.

बसवायचा कुठं

वरच्या जाळीत, म्हणजे ग्रिलमध्ये, मधून थोडं बाजूला. नंबरप्लेटच्या खाली लावू नका, तिथं चिखल आणि दगड पहिला मार खातात, शिवाय जितका खाली तितका पुढचा चढ-उतार आडवा येतो. ग्रिलमध्ये लावताना रेडिएटरची हवा अडणार नाही हे बघा आणि कॅमेऱ्याच्या पाठीला रेडिएटर अगदी चिकटू देऊ नका, कॅमेरा स्वतः तापला की चित्रात दाणे येतात. बॉडी आयपी६७ ची, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारी पाहिजे, पावसाळा आपला आहे. पत्र्याला स्क्रू मारायच्या आधी दोन दिवस डबल टेप आणि झिप टायवर लावून फिरा, जागा चुकलेली असतेच.

कोन लावायची माझी पद्धत अशी, सपाट सरळ रस्त्यावर गाडी उभी करायची आणि स्क्रीनवर क्षितिज वरून एक तृतीयांशावर येईल एवढा कॅमेरा खाली झुकवायचा. याला कारण आहे. स्वच्छ आभाळ रात्री थर्मलला भयंकर थंड दिसतं, आणि आभाळ जास्त घेतलं की कॅमेरा त्या थंडीपासून गरमीपर्यंत सगळं एकाच चित्रात बसवायला बघतो, मग रस्ता आणि रस्त्यावरचं जनावर यातला फरक पुसट होतो. उलटं एसटीचा तापलेला सायलेन्सर समोर आला की बाकी चित्र काळंकुट्ट पडतं. चांगल्या कॅमेऱ्यात हा हिशोब चित्राच्या खालच्या भागावरच कर असं सांगायची सोय असते, असेल तर वापरा.

वायरिंग

हे काम अवघड नाही पण आळशीपणा केला की महागात जातं. कॅमेरा खातो किती, चार-सहा वॅट, म्हणजे अर्धा अँपिअर. तेवढ्यासाठी कंपनीची वायर सोलून जोड मारू नका, वॉरंटीचा वाद तिथंच सुरू होतो. आतल्या फ्यूजबॉक्समध्ये चावी फिरवल्यावरच सुरू होणारा एखादा फ्यूज शोधा, मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्पनं, आणि त्यात फ्यूज टॅप, म्हणजे त्याच जागेवरनं जास्तीची वायर काढून देणारी क्लिप, बसवा. टॅपच्या खालच्या खाचेत जुना फ्यूज, वरच्या खाचेत कॅमेऱ्यासाठी २ अँपिअरचा. एअरबॅग आणि एबीएसच्या फ्यूजला हात लावायचा नाही म्हणजे नाही. अर्थ जवळच्या बॉडीच्या बोल्टला, रंग खरवडून, रिंग टर्मिनल लावून. बॅटरी निगेटिव्हची वायर काढून मगच काम सुरू करा, घड्याळ आणि रेडिओचे चॅनेल परत सेट करायला लागतात तेवढंच.

इंजिन चालू असताना गाडीचा करंट १२ नाही, १४ व्होल्टच्या वर असतो आणि मधेमधे उसळ्या मारतो. कॅमेऱ्यावर ९ ते ३६ व्होल्ट असं काही लिहिलं असेल तर थेट जोडा, नुसतं १२ व्होल्ट लिहिलं असेल तर मधे चांगला कन्व्हर्टर टाका. वायर इंजिनमधून आत आणायला फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात, रबरी ग्रोमेट (बूच) असतं, त्यातनं कंपनीच्या वायरी जातात तिथंच छोटं छिद्र पाडा, वायरला जाळीची स्लीव्ह घाला आणि आत यायच्या आधी वायरला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी वायरवरनं ओघळून त्या झोळाला टपकतं, आत येत नाही. मी हा झोळ दिला नव्हता, पहिल्याच पावसात पायातलं मॅट भिजलं आणि मला वाटलं एसीची पाइप फुटली. काचेच्या बाजूच्या खांबातून वायर न्यायची असेल तर तिथं पडद्यासारखी उघडणारी (कर्टन) एअरबॅग आहे का ते बघा, असेल तर वायर तिच्या मागून गेली पाहिजे, पुढून नाही.

स्टीरिओमध्ये फ्रंट कॅमेऱ्याची वेगळी पिन असेल तर सोपं. नसेल तर बरेच लोक रिव्हर्सच्या पिनेला जोडतात आणि मग रिव्हर्स कॅमेरा जातो, त्यापेक्षा दोन कॅमेरे एका पिनेवर फिरवणारा छोटा स्विचर मिळतो तो घ्या, रिव्हर्स टाकला की मागचा आपोआप येतो.

आता काचेवरचा डिस्प्ले

माझ्या डोक्यात होतं की थर्मलचं चित्रच काचेवर पाडायचं, विमानातल्यासारखं. केलंही. सात इंची स्क्रीन डॅशवर आडवी ठेवली, चित्र उलटं केलं, काचेत दिसलं, आणि तिथंच तीन भानगडी समजल्या. एक, सगळं दोन-दोन दिसतं. पुढची काच म्हणजे दोन काचांचं सँडविच, आतल्या बाजूवरनं एक प्रतिबिंब आणि बाहेरच्या बाजूवरनं दुसरं. कंपनीच्या एचयूडीवाल्या गाडीत मधला थर पाचरीसारखा, वर जाड खाली पातळ, घालतात म्हणून तिथं एकच दिसतं. दोन, अंतर. सपाट काचेत प्रतिबिंब तेवढंच लांब दिसतं जेवढी वस्तू काचेपासून लांब आहे, म्हणजे वीतभर. डोळा रस्त्यावर लांब लागलेला असतो, त्याला वीतभरावर आणून परत लांब न्यायचं हे काम मोबाइल बघण्यासारखंच झालं. कंपनीवाले आरसे लावून ते प्रतिबिंब दोन-अडीच मीटर पुढं नेतात. आणि तीन, जी सगळ्यात वाईट, हलतं पांढरं चित्र रस्त्याच्याच जागेवर आलं की चित्रातला गवा आणि खरा रस्ता यांची जुळणीच होत नाही, कारण कॅमेरा खाली ग्रिलमध्ये आणि डोळा वर उजव्या सीटवर. मी दोन किलोमीटरमध्ये बंद केलं. मोठ्या कंपन्यांनी चित्र काचेवरनं खाली का आणलं ते तेव्हा पटलं.

म्हणून माझी आताची वाटणी अशी आहे : थर्मलचं चित्र छोट्या स्क्रीनवर, आणि काचेच्या डिस्प्लेवर फक्त वेग, वळणाचा बाण आणि जमलं तर इशाऱ्याचं चिन्ह. थर्मलची स्क्रीन मीटरच्या अगदी वर, रस्त्याच्या रेषेच्या जेमतेम खाली, चार-पाच इंचाची बास. मधल्या दहा इंची स्टीरिओवर लावलं तर मान वळवायला लागते आणि मान वळवून बघायचं तर काय उपयोग. पॅसेंजरच्या बाजूला डॅशवर एअरबॅगचं झाकण असतं, तिथं काही चिकटवायचं नाही, ती फुटली की चिकटवलेली वस्तू आधी तोंडावर येते.

एचयूडी घेताना काचेवर प्रतिबिंब पाडणारा ठोकळा घ्यायचा की स्वतःची छोटी पारदर्शक पट्टी असलेला, तर पट्टीवाला. ठोकळ्याबरोबर एक चकचकीत फिल्म येते, ती काचेवर आतून चिकटवली की दुहेरी प्रतिबिंब बऱ्यापैकी जातं, पण काचेवर फिल्म म्हटलं की २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पोलिसांचा डोळा असतो. नंतर नियम थोडे बदललेत, पण पुढच्या काचेतून ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे हे कायम आहे, आणि चौकात हवालदाराला टक्केवारी समजावत कोण उभा राहणार. पट्टीवाल्यात ही कटकटच नाही.

वेग कुठून घ्यायचा यात दोन जाती. एक ओबीडीवाला, स्टेअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला लावायचा, त्यात आरपीएम, कूलंटचं तापमान, बॅटरीचे व्होल्ट सगळं येतं. पण त्या सॉकेटची १६ नंबरची पिन थेट बॅटरीवर असते, चावी काढली तरी चालू. एचयूडी नीट झोपी गेला नाही तर आठवडाभर उभ्या गाडीची बॅटरी बसते, माझ्या मेव्हण्याची बसली, आणि तो बिचारा बॅटरीवाल्याशी भांडून आला. सेटिंगमध्ये किती व्होल्टला बंद व्हायचं तो आकडा असतो, तो बघा, नाहीतर गाडी ठेवून गावाला जाताना उपटून ठेवा. दुसरा जीपीएसवाला, त्याला नुसता यूएसबीचा करंट लागतो, कुठल्याही जुन्या गाडीला चालतो, बोगद्यात मात्र गप्प होतो. आणि हो, एचयूडीचा वेग मीटरपेक्षा कमी दिसेल, घाबरू नका, मीटर कंपनीनं मुद्दाम थोडा जास्त दाखवायला ठेवलेला असतो.

गॉगल पोलराइज्ड असेल तर काचेवरचे आकडे दिवसा गायब होतील, हा एचयूडीचा दोष नाही, काचेवरनं परत आलेला उजेड त्या गॉगलमध्ये अडतो. मला हे कळायच्या आधी मी एक पीस परत पाठवून मोकळा झालो होतो.

खरोखर आरपार दिसणारा डिस्प्ले, म्हणजे पारदर्शक ओएलईडी, ज्यांना सोल्डरिंगची हौस आहे त्यांनी करून बघावा. दीड इंची, १२८ बाय ६४ ठिपक्यांचे तुकडे मिळतात, ईएसपी३२ किंवा आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डांना चार-पाच वायरी जोडून चालतात. व्हिडिओ त्यावर विसरा, पण वेगाचे दोन आकडे किंवा लाल त्रिकोणाऐवजी निळा त्रिकोण मस्त दिसतो. उन्हात काही दिसत नाही, रात्री पुरतो. मी आकड्यांच्या वर फक्त बॅटरीचे व्होल्ट दाखवतो, उपयोग शून्य, भारी वाटतं एवढंच.

मोबाइल डॅशवर उलटा ठेवून अ‍ॅपनं एचयूडी करायचा फुकटचा उपाय आहे, आधी एक आठवडा तोच करा, तुम्हाला एचयूडी आवडतो का तेच कळेल. अंधारात चालतो, फक्त मोबाइल घसरू नये म्हणून खाली सिलिकॉनचं मॅट टाका.

स्क्रीनची सेटिंग

कॅमेऱ्यात रंगीत पॅलेट असतात, जांभळा-केशरी-पिवळा, पाहुण्यांना दाखवायला भारी. गाडी चालवताना पांढरं-काळंच ठेवा आणि ब्राइटनेस इतका कमी की सुरुवातीला वाटेल फारच मंद आहे. अंधाराला सरावलेला डोळा एका उजळ स्क्रीननं बिघडतो आणि परत सरावायला कित्येक मिनिटं जातात, मग कॅमेऱ्यानं जे कमावलं ते डोळ्यानं घालवलं. दर काही मिनिटांनी कॅमेऱ्यात टक असा आवाज येईल आणि चित्र अर्धा सेकंद थिजेल, तो आतला शटर आहे, सेन्सर स्वतःला जुळवून घेतो. बिघडलाय म्हणून उघडू नका. पण अर्धा सेकंद म्हणजे ८० ला ११ मीटर, एवढं ध्यानात असू द्या. माणूस-जनावर ओळखून बीप करणारे मॉडेल आहेत, हायवेला ठीक, गडहिंग्लजच्या बाजारातनं जाताना मात्र तो इतका ओरडला की बायको म्हणाली एकतर हा उतरेल नाहीतर मी.

आणि ट्रॉली

इथं थर्मल तोंडघशी पडतो. गवा ऊन आहे म्हणून चमकतो, ऊस थंड आहे. ट्रॅक्टरचं इंजिन गरम असतं पण मागून बघताना ते उसाच्या ढिगामागं लपलेलं असतं. चालती ट्रॉली असेल तर टायर आणि चाकाचा मध्यभाग तापलेला, रस्त्यालगत दोन-चार पांढरी वर्तुळं फिरताना दिसतात, ती ओळखायला डोळा तयार करा, माझा महिन्याभरात झाला. पण पंक्चर होऊन तासभर उभी असलेली ट्रॉली, रस्त्यावर पडलेला दगड, खड्डा, आडवी फांदी, हे सगळं आजूबाजूइतकंच थंड, स्क्रीनवर जवळपास नसल्यासारखं. ते काम हेडलाइटचंच आणि तुमच्या वेगाचं.

मे महिन्यात संध्याकाळी सात-आठला अजून एक घोळ होतो. डांबर दिवसभर तापून माणसाच्या अंगापेक्षाही गरम राहतं, मग रस्ता पांढरा आणि त्यावरचा माणूस काळा दिसतो, आणि डांबर निवत निवत अंगाच्या बरोबरीला आलं की थोडा वेळ दोन्ही एकाच रंगाचे. दहा-अकरानंतर चित्र सुधारतं. पावसात भिजलेली म्हैस कोरड्या म्हशीपेक्षा फिकी दिसते. धुक्याचं म्हणाल तर विरळ धुक्यात थर्मल डोळ्यापेक्षा नक्की पुढं बघतो, पण जुलैत आंबोलीला जे दाट, थेंब-थेंब धुकं बसतं त्यात हाही आंधळा होतो, मला तर थोडंच जास्त दिसलं असेल. तिथं फॉग लॅम्प, डिपर आणि वीसचा वेग.

कागदपत्रं आणि धुलाई

इन्शुरन्स रिन्यू करताना कॅमेरा आणि स्क्रीन बाहेरून बसवलेली इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरी म्हणून नोंदवा, बिल जोडा, नाहीतर बंपर फुटला तर बंपरचे पैसे मिळतील, कॅमेऱ्याचे नाहीत. मोबाइलचं म्हणाल तर गाडी चालवताना तो फक्त रस्ता बघायला वापरायची मुभा आहे, त्यामुळं थर्मलसाठी मोबाइल हातात धरायचा विचार सोडा.

लेन्सवर चिखल बसला तर कोरड्या फडक्यानं पुसू नका, वरचा कोट ओरखडतो. बाटलीनं पाणी सोडा, मग चष्म्याच्या ओल्या कापडानं हलकं टिपा. गाडी वॉशिंगला देताना पोराला आधीच दाखवून ठेवा की इथं प्रेशरचा फवारा जवळून मारू नको. आमच्या इथला पोरगा ऐकतो, फक्त प्रत्येक वेळी स्क्रीन चालू करून त्यात स्वतःचा पांढरा चेहरा बघितल्याशिवाय पाइपला हात लावत नाही.